मुकादमाची वही आणि ऑनलाइन एजन्सी

या व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला जो विषय नेमून दिला, तो ऐकून आमचे जुने सहकारी हसले. ज्या माणसाने उभी हयात हमालांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या सभा घेण्यात घालविली, त्याने इंटरनेटवरच्या धंद्यावर बोलावे, हे त्यांना चमत्कारिक वाटले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण विचार करता करता ध्यानात आले की हा विषय आम्हां तलवाड्याच्या माणसांना नवा नाहीच. दुसऱ्यासाठी माणसे जमवावीत, त्यांच्याकडून काम करून घ्यावे, मोबदला वाटावा आणि मध्ये आपला हिस्सा ठेवावा, हा व्यवहार बीड जिल्ह्याला जितका ठाऊक आहे तितका मुंबईलाही ठाऊक नसेल. फक्त आपण त्याला एजन्सी म्हणत नाही, मुकादमी म्हणतो.

या विषयाशी आमचा संबंध आला तो असा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या ओळखीतली एक मुलगी घरी आली. आईबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जातात; ही आजीजवळ राहून बी. ए. झाली. ती म्हणाली, “काका, तुम्ही युनियनवाले. माझे साडेनऊ हजार रुपये अडकलेत, काढून द्या.” चौकशी केली तेव्हा कळले की कोण्या एका एजन्सीने तिला मराठी मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पाठविली होती. ती ऐकून शब्दन्शब्द टंकलिखित करून द्यायचा. तासाच्या ध्वनिमुद्रणाला 250 रुपये दर. तिने 38 तासांचे काम केले. सरावलेल्या माणसालाही एक तासाचे बोलणे उतरवायला चार ते सहा तास लागतात. पाच धरले तरी 190 तास झाले. म्हणजे सगळे पैसे मिळाले असते तरी तिला ताशी 50 रुपये पडले असते. आणि मिळाले तर काहीच नव्हते. तीन महिने “लवकरच करतो” एवढेच उत्तर येत होते, नंतर तेही थांबले.

आम्ही सवयीप्रमाणे म्हणालो, “चल, मोर्चा नेऊ.” ती म्हणाली, “कुठं न्यायचा?” एजन्सीचे कार्यालय कोठे आहे हे तिला माहीत नव्हते. मालक कोण, माहीत नव्हते. आपल्यासारखे आणखी कितीजण हे काम करीत होते, त्यांपैकी एकाचेही नाव तिला माहीत नव्हते. घेराव घालायचा तर दार पाहिजे ना! त्या दिवशी आमची सगळी विद्या उंबऱ्यावरच राहिली, हे कबूल केले पाहिजे.

दोन महिन्यांनी तीच मुलगी चार मैत्रिणींना घेऊन पुन्हा आली. त्यांना स्वतःचीच अशी एजन्सी काढायची होती. आम्ही रागावून म्हणालो, “म्हणजे आता तुम्ही मुकादमी करणार?” हे बोलणे कठोर होते आणि अज्ञानाचेही होते. कारण मुकादमी म्हणजे नेमके वाईट काय, याचा निवाडा आम्ही स्वतःशीही कधी नीट केला नव्हता. तो करण्याचा प्रयत्न या लेखात आहे.

प्रथम शब्दांविषयी. इंग्रजीत ज्याला फ्रीलान्स म्हणतात, तो शब्द सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या 1819 सालच्या कादंबरीमुळे रूढ झाला. भाला स्वतःचा, राजा कोणताही, असा तो भाडोत्री स्वार. आपल्याकडे यासाठी चांगला जुना शब्द आहे. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. आजचा फ्रीलान्स काम करणारा हा शिलेदार आहे. संगणक त्याचा, वीज त्याची, इंटरनेटचा खर्च त्याचा, आजारपणही त्याचेच. गिऱ्हाईक फक्त कामाचे पैसे देते. आणि एजन्सी म्हणजे अशा दहावीस शिलेदारांचे पथक बांधून त्यांच्या नावाने काम मिळविणारी, ते तपासून देणारी आणि पैसे वसूल करून वाटणारी पेढी.

आता मुकादमीकडे वळू. आमचे वडील मुकादम होते. ही गोष्ट आम्ही सभेत फारशी सांगत नाही. दसऱ्याच्या आधी ते कारखान्याच्या माणसाकडून रक्कम उचलीत आणि गावोगाव फिरून ती जोडप्यांना उचल म्हणून वाटीत. एक जोडपे म्हणजे एक कोयता. उचल घेतली की माणूस बांधला गेला. हंगामभर तोडणी करून ती फेडायची आणि उरले तर घरी आणायचे. आम्हांला लिहितावाचता येऊ लागले तेव्हापासून टोळीची वही आमच्याकडे आली. तेरा वर्षांचे असताना एके रात्री वडिलांनी सांगितले, “आठशे दिलेत, हजार लिही.” ज्याच्या नावावर ते लिहायचे तो गृहस्थ समोरच चिलीम ओढीत बसला होता. त्याला वाचता येत नव्हते. आम्ही हजार लिहिले.

वडील दुष्ट होते असे नव्हे. मागच्या हंगामात बारापैकी चार कोयते दुसऱ्याची उचल घेऊन रातोरात निघून गेले होते आणि कारखान्याचे पैसे वडिलांच्या अंगावर आले होते. त्यात सव्वा एकर कोरडवाहू गेले. ती खोट ते या गरीब माणसाकडून भरून काढीत होते. वरच्याने खालच्यावर आणि खालच्याने त्याहून खालच्यावर जोखीम ढकलायची, ही या व्यवहाराची रीत आहे; आणि जो सर्वांत खाली असतो, त्याच्याजवळ ढकलायला कोणी नसते.

लोक म्हणतात मुकादमाचे कमिशन फार. हे म्हणणे आम्हीही व्यासपीठावरून पुष्कळदा केले आहे. पण हिशोब पाहा. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दराची तडजोड झाली, तीत मजुरीत 34 टक्के वाढ झाली आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्क्यांवर गेले. हे कमिशन कारखाना मजुरीखेरीज वेगळे देतो. कागदावर तरी ते मजुराच्या पदरातून जात नाही. माणूस भरडला जातो तो टक्क्यांनी नव्हे. तो भरडला जातो उचलीने, कारण उचल फिटेपर्यंत त्याला सोडून जाता येत नाही. आणि वहीने, कारण ती एकाच्याच पेटीत असते. त्या मुलीचेही तसेच झाले होते. एजन्सीने किती कमिशन घेतले हे तिला कळले नाही, कारण गिऱ्हाइकाने मुळात काय दर दिला होता हेच तिला माहीत नव्हते. वही तिकडे होती.

कलावंतांच्या बाबतीत हीच रीत कशी चालते, हे पाहायचे तर जुन्नर तालुक्यात नारायणगावला जावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीबाहेर फडाच्या नावाची पाटी असते, आत फडाचा माणूस बसलेला असतो आणि यात्रा-जत्रांचे पंच गावोगावहून येऊन सुपारी ठरवितात. आज जिला टॅलेंट एजन्सी म्हणतात, तिचे याहून अस्सल मराठी रूप आम्हांला माहीत नाही. पंचांना कोणता कलावंत कोठे सापडेल याची काळजी नाही. एका ठिकाणी दहा पाट्या पाहून भाव करता येतो. हा या पद्धतीचा खरा गुण. पण फडातही कलावंताला हंगामाआधी उचल दिली जाते आणि फडमालक स्वतः सावकाराच्या कर्जात असतो. सगळा महाराष्ट्र ज्यांना ओळखत होता त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी 2002 साली त्या वारल्या तोवरची अखेरची वर्षे हलाखीतच गेली. नाव पाटीवर असणे आणि पैसा पदरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध्यस्थ नसावाच, असे म्हणणारे आमच्या चळवळीत पुष्कळ आहेत. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर माणसे भरीत असे आणि त्याचे हात ओले केल्याशिवाय बदलीचे कामही मिळत नसे. 1931 सालच्या व्हिटली कमिशनच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली होती. पण जिथे मालक रोज बदलतो, तिथे मध्यस्थाला नुसते हाकलून भागत नाही. त्याच्या जागी काहीतरी उभे करावे लागते. बाजारातल्या हमालाचेच पाहा. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची. त्याचा मालक कोण? पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र केले आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातली युक्ती मोठी सुंदर आहे. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद करायची. मालक रोज बदलला तरी वही एकच राहते, आणि त्या मंडळावर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात. मध्यस्थ गेला नाही. तो आपला झाला. आम्ही त्या पाच मुलींना प्रथम हाच कायदा समजावून सांगितला. हा कायदा त्यांना लागू नाही, हे खरे. पण त्याची चाल उचलण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

परदेशी कंपन्यांचे जे मोठे ऑनलाइन बाजार आहेत, तेही एका अर्थी नारायणगावच्या राहुट्याच होत. एलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्या 2013 च्या अखेरीस एकत्र आल्या आणि 2015 पासून अपवर्क या नावाने चालतात. फायव्हर ही 2010 साली निघालेली इस्रायली कंपनी काम करणाऱ्याच्या मोबदल्यातून 20 टक्के घेते. अपवर्क पूर्वी 20 टक्क्यांपर्यंत घेई, 2023 पासून सरसकट 10 घेऊ लागली आणि 2025 पासून कामागणिक शून्य ते 15 टक्के अशी पद्धत आली. शिवाय कामासाठी अर्ज करायलाही तेथे पैशाने घेतलेली टोकने खर्चावी लागतात. हे सगळे एकतर्फी ठरते; तडजोडीला कोणी बोलावीत नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ठरीव रकमेच्या कामात गिऱ्हाईक काम सुरू होण्याआधी पैसे कंपनीकडे ठेवते आणि काम पसंत झाल्यावर ते सुटतात. हमालाला जे मंडळाने दिले, ते इथे यंत्राने दिले आहे.

तेव्हा तलवाड्यासारख्या गावात अशी एजन्सी काढायची तर कशी? आम्ही या धंद्यातले जाणकार नाही. मुलींनी वर्षभर जे केले आणि आम्ही त्यांच्या वहीशेजारी बसून जे पाहिले, ते सांगतो.

पहिली गोष्ट, काम कोणते घ्यायचे. जगातला प्रत्येक संगणकवाला जे करू शकतो, ते काम घेऊ नये; तिथे मनिलापासून ढाक्यापर्यंत सगळे स्वस्तात उभे आहेत. आपल्याजवळ आहे ती मराठी, तीही मराठवाड्याची. ध्वनिमुद्रण उतरविणे, चित्रफितींखाली मराठी ओळी घालणे, भाषांतर, मुद्रितशोधन, आणि जुन्या श्रीलिपीसारख्या अक्षरवळणात अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून दुरुस्त करणे, ही कामे पुण्यामुंबईचे प्रकाशक, संशोधन करणाऱ्या संस्था आणि बातम्यांचे व्यवसाय बाहेर देतात. यंत्राला बोली शिकविण्यासाठी आवाज आणि मजकूर पुरविण्याचे कामही आता निघाले आहे. बेंगळुरूच्या कार्या या संस्थेने असे काम ग्रामीण माणसांकडून करून घेऊन ताशी सुमारे 5 डॉलर दिल्याचे 2023 मध्ये जगभर प्रसिद्ध झाले. यंत्र आता स्वतःच बोलणे उतरविते, मग माणूस कशाला, असे कोणी विचारील. यंत्र उतरविते हे खरे. पण “हुंबाड्यावर बसला” हे त्याला उतरवायला सांगा आणि कागद पाहा. काम कमी झाले नाही, त्याचे रूप बदलले: टंकलेखनापेक्षा तपासणी वाढली. म्हणून दरही तासाच्या ध्वनिमुद्रणावर न ठरविता खरोखर लागणाऱ्या वेळावर ठरवावा.

एजन्सी विकते ते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. माणसांची नावे विकून पोट भरत नाही. ती गिऱ्हाइकाला एरवीही सापडतात. गिऱ्हाईक जास्तीचा पैसा देते ते दोन गोष्टींसाठी. एक, एकीला ताप आला तरी काम दुसरीने पुरे करून वेळेवर जाते. दोन, पाठविण्यापूर्वी दुसऱ्या डोळ्यांनी ते तपासलेले असते. म्हणून या मुलींनी नियम केला की जिने लिहिले तिने तपासायचे नाही, आणि तपासणारीला वेगळा मोबदला द्यायचा. हिशोब असा बसविला. समजा गिऱ्हाइकाने एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला 600 रुपये दिले. त्यातले 360 लिहिणारीला, 120 तपासणारीला, 90 एजन्सीच्या खर्चाला आणि काम आणणारीच्या श्रमाला, 30 राखीव निधीला. लिहायला पाच तास धरले तर ताशी 72 पडतात, तपासायला दीड तास धरला तर ताशी 80. फार नाहीत. पण गिऱ्हाइकाच्या बिलाची प्रत सगळ्यांना दिसते, त्यामुळे 600 चे 400 कोणी सांगू शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1997 साली खाजगी रोजगार एजन्स्यांविषयी करार केला, त्यात काम शोधणाऱ्याकडून फी घेऊ नये असे तत्त्व आहे. भारताने त्या करारावर मान्यता दिलेली नाही. पण तलवाड्याने द्यायला हरकत नव्हती. नावनोंदणी फुकट, अनामत नाही, शिकविण्याचे पैसे नाहीत.

हा शेवटचा नियम जिवावरचा आहे, कारण ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ या नावाने जी लूट चालते ती नेमकी इथून सुरू होते. आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग अशक्य अचूकतेची अट घालतात, आणि काम नापास ठरवून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून करारभंगाचा दंड मागतात. आमच्याकडे अशा नोटिसा घेऊन आलेली पोरे रडताना आम्ही पाहिली आहेत. ती नोटीस पाहून घाबरून पैसे भरू नयेत. 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आता पैशाची खरी अडचण, जिने आमच्या वडिलांचे शेत खाल्ले. गिऱ्हाईक दीड महिन्याने पैसे देते आणि काम करणारीला आठवड्याने किराणा भरायचा असतो. महिन्याला 60,000 चे काम असेल तर त्यातले 48,000 लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांचे. दीड महिना थांबायचे तर 72,000 रुपये कोणीतरी पदरचे गुंतविले पाहिजेत. हे कोणाजवळ असतात? सावकाराजवळ. आपल्या गावच्या देवीचे नाव त्वरिता आहे; पण पैशाच्या बाबतीत ती अजून गिऱ्हाइकांना पावलेली नाही. यावर उपाय दोन. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मा विसार घेतल्याशिवाय फाईल उघडायची नाही. आणि राखीव निधी वाढवीत न्यायचा. बेल्जममध्ये 1998 पासून कलावंतांची ‘स्मार्ट’ नावाची संस्था आहे, पुढे तिने सहकारी रूप घेतले. गिऱ्हाईक केव्हाही देवो, ती आपल्या सभासदाला सात दिवसांत पैसे देते. बिलातला लहान हिस्सा कापून तिने त्यासाठी हमीनिधी उभा केला आहे. आपल्या 30 रुपयांचा हिशोब केला तर 60,000 वर महिन्याला 3,000, वर्षाला 36,000 होतात. पहिल्या वर्षी हे पुरत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी काम थोडे घ्यावे, हे सांगताना आम्हांला मुलींची नाराजी पत्करावी लागली.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत दिले पाहिजेत. करार नसेल तर 15 दिवसांत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते; ती फुकट असते. त्या मुलीची नोंदणी नव्हती आणि काम झाल्यावर केलेल्या नोंदणीच्या जोरावर मागचे बिल वसूल करणे कठीण असते. तिचे साडेनऊ हजार गेले ते गेलेच. परदेशी गिऱ्हाइकावर तर हा कायदा चालतच नाही. तिथे आधी पैसे ठेवून घेणे हाच कायदा.

भागीदारी करायची तर ती नोंदवून करावी. 1932 च्या भागीदारी कायद्याखाली बिननोंदलेल्या पेढीला कराराचे पैसे वसूल करण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना फार उशिरा कळते. दहा जणी झाल्या, आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या असल्या, की 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने संस्था काढता येते. आम्हांला हे रूप आवडते, पण सहकाराचे पुढे काय होते हेही आम्ही जवळून पाहिले आहे. तेव्हा घाई नको. भाषांतर किंवा लेखन असेल तर बिलावर एक ओळ लिहावी की पैसे पोचल्यावरच हक्क गिऱ्हाइकाकडे जातील. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकर नसलेल्या लेखकाचा हक्क लेखी दिल्याशिवाय सहसा जात नाही. गरिबाजवळ ओलीस ठेवण्यासारखे एवढेच असते.

सरकारचे म्हणाल तर, नीती आयोगाने 2022 च्या अहवालात देशात 2020-21 मध्ये असे 77 लाख गिग कामगार असल्याचे सांगून 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असा अंदाज केला. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली; तीत गिग कामगार हा शब्द प्रथमच आला आणि मोठ्या कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सुरक्षा निधीत भरावी अशी तरतूद आहे. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये आपापले कायदे केले. हे सगळे चांगले आहे. पण गाडीवरून जेवण पोचविणारा निदान रस्त्यावर दिसतो. आजीच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली मुलगी कोणाला दिसत नाही. ई-श्रमवर नोंद करावी, एवढे आम्ही सांगतो. त्यापुढे आपली माणसे आपण मोजून ठेवावीत.

मुलींनी दिवाळीनंतर काम सुरू केले. आज सात जणी आहेत. वीज जाते तेव्हा काम थांबते, म्हणून पहिल्या नफ्यातून बॅटरी घेतली. हिशोबाचा तक्ता मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आहे. आम्ही हट्टाने कागदाची वहीही ठेवायला लावली आणि महिन्याच्या शेवटी ती मोठ्याने वाचली जाते. एकीची आई त्या वेळी मुद्दाम येऊन बसते. तिला वाचता येत नाही, पण ऐकता येते.

एका प्रश्नावर मात्र आमचे हरले. सातांपैकी एकीने आईच्या दवाखान्यासाठी पैसे मागितले, कामातून फेडीन म्हणाली. आम्ही म्हणालो, “काही झाले तरी उचल द्यायची नाही. एकदा दिलीत की झालात मुकादम.” तेव्हा जिचे साडेनऊ हजार बुडाले होते तीच म्हणाली, “काका, मग तिनं खऱ्या मुकादमाकडून घ्यायची का?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोन बैठका भांडण्यात गेल्या. शेवटी ठरले ते असे: राखीव निधीतून एका वेळी 2,000 पर्यंत, तेही बिनव्याजी; त्याची वही कामाच्या वहीपासून वेगळी; मजुरीतून परस्पर कापायचे नाही, मजुरी पूर्ण हातात द्यायची आणि हप्ता तिने आपल्या हाताने आणून भरायचा; आणि मध्येच काम सोडून गेली तरी हप्ता तोच राहील, एकदम मागायचा नाही. तिने दोन हप्ते भरले आहेत. तिसरा या महिन्याच्या वाचनाला यायचा आहे.